सरसाने बांधलेला पंखा

मिस्त्री: राग मानू नका काका, पण तुमच्या गाडीला माझ्याआधी ज्याने हात लावलाय ना, तो मला एकदा भेटायला हवा. मारणार नाही. नुसतं विचारणार, बाबा रे, मी तुझं काय घोडं मारलं होतं?

काका: का? काय केलंय त्याने?

मिस्त्री: वाकता येईल तुम्हाला? नको, राहू द्या, बसा त्या स्टुलावर, मीच सांगतो. शेजारच्या सीटसमोरचा हा कप्पा मी काढून ठेवला. त्याच्या मागे ही काळी प्लॅस्टिकची पेटी. पेटीच्या बुडात खालून पंख्याची मोटर बसवलेली असते. तुमचा एसी तसा ठणठणीत आहे. गॅस भरलेला, नळ्या गार पडताहेत. पण तो गारवा आत ढकलायचा या पंख्याने, आणि पंखाच मेलाय. आडात भरपूर आहे हो, पोहराच फुटलाय.

काका: मग मोटर बदलायची. नवी आणून ठेवलीय म्हणालात फोनवर. अर्ध्या तासाचं काम म्हणालात.

मिस्त्री: म्हणालो की. तीन स्क्रू काढायचे, मोटर अलगद हातात येते. तिन्ही स्क्रू काढले, हे बघा वाटीत. मोटर जागची हलत नाही. का, तर कुणा महाभागाने पेटी आणि मोटर यांच्या सांध्यावरून गोल कापडाची पट्टी चिकटवून टाकलीय.

काका: कापडाची.

मिस्त्री: काळं, जाड कापड. आणि काम असं सफाईचं की पट्टी कुठे सुरू झाली, कुठे संपली, बोटाला लागत नाही. दीड तास झाला मी इथे उताणा पडलोय. गंज सोडवायचं तेल मारलं, ते पिऊन बसलं. गरम हवेची बंदूक लावली, तर उलट दगड झाला. असला गोंद मी उभ्या जन्मात पाहिला नाही.

काका: ओढून नाही का निघणार?

मिस्त्री: ओढायला धरू काय? मागच्या बाजूने एक दोरा लोंबत होता. कुठल्या पिशवीचा अडकला असेल. तो तेवढा कापून फेकला. बाकी धरायला काही नाही.

काका: दोरा कापलात?

मिस्त्री: कचरा हो. आधी कचरा साफ करायचा, मग पाना उचलायचा, ही आमच्या उस्तादांची शिकवण. का, काय झालं?

काका: काही नाही. वाजले किती?

मिस्त्री: पावणेएक. काकूंना कधी सोडणार म्हणालात?

काका: चारला. इथून दवाखाना अर्धा तास. आणि तिथून घर दोन तास, उन्हाचं.

मिस्त्री: मग मी एक सांगू? आज टॅक्सी करा. काकूंना घरी पोचवा, गाडी उद्या-परवा न्या. मला जरा शांतपणे याच्याशी बोलू द्या.

काका: टॅक्सी नको.

मिस्त्री: हट्ट करू नका.

काका: हट्ट नाही. नऊ दिवस नाकाला नळी होती तिच्या. फुप्फुसं दुबळी झालीयत. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय, धूळ नको, धूर नको, उग्र वास नको, काचा बंद ठेवूनच न्या. टॅक्सीत कुणी अत्तराची बाटली टांगलेली असते, कुणी नुकतीच सिगारेट ओढलेली असते. गेल्या वर्षी एकदा बसवली होती तिला. दहा मिनिटांत उतरावं लागलं.

मिस्त्री: हं. मग या उन्हात पंख्याशिवाय काचा बंद ठेवणं म्हणजे तर भट्टीच.

काका: म्हणून तर तुमच्याकडे आलो.

मिस्त्री: तसं असेल तर एकच उपाय उरतो. छिन्नी. सांध्यात घालायची, वरून हातोडीचा एक ठोका. सुटली तर सुटली.

काका: आणि नाही सुटली तर?

मिस्त्री: तर पेटीचा काठ तुटणार. मग अख्खा डॅशबोर्ड उतरवायचा, दोन दिवसांचं काम. आणि अठरा वर्षांच्या गाडीची पेटी मिळेल तेव्हा खरी. खोटं कशाला सांगू, माझा हात सहसा चुकत नाही. पण हा गोंद मला ओळखत नाही आणि मी त्याला.

काका: जरा थांबता का? ज्याने चिकटवलं त्याचं काही कारण असेल.

मिस्त्री: कारण कसलं? अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला कुणीतरी असणार. मोटर खडखडली असेल, घेतला गोंद, फासला. मोटर म्हणजे काय भिंतीवरचं कॅलेंडर आहे? अशा माणसाच्या हातात पाना सोडा, झाडूसुद्धा देऊ नये. स्टूल थोडं मागे घ्या काका, हातोडी तुमच्या पायाशी आहे.

काका: थांबा.

मिस्त्री: वेळ जातोय काका.

काका: ती पट्टी मी चिकटवलीय.

मिस्त्री: काय म्हणालात?

काका: तो महाभाग मीच. चार वर्षं झाली. आणि तो गोंद नाही. सरस आहे.

मिस्त्री: म्हणजे दीड तास मी इथे त्याचा उद्धार करतोय, आणि तुम्ही समोर स्टुलावर बसून शांतपणे माझा चहा पिताय?

काका: तुमचं बोलणं चुकीचं वाटलं नाही. म्हणून ऐकत होतो.

मिस्त्री: ते झाडूचं मनावर घेऊ नका. तोंडाला लगाम नाही माझ्या, बायकोही तेच म्हणते.

काका: मी पुस्तकं बांधायचो. बेचाळीस वर्षं. ग्रंथालयांची, शाळांची, कोर्टाची. माणसाला जे येतं तेच तो सगळीकडे करतो. मोटर खडखडायला लागली, मला ती शिवण ढिली झालेल्या पुस्तकासारखी वाटली. कापड लावलं.

मिस्त्री: पण गॅरेजं काय ओस पडली होती?

काका: नेली होती एकाकडे. तो म्हणाला, एवढ्याशा आवाजाचं काय घेऊन बसलात, गाणी लावा. त्याला कसं सांगणार? तिला आडवं झोपता येत नाही. आडवी झाली की श्वास कोंडतो. उशा लावून बसून झोपते, तीही तुटक तुटक. पण गाडीत, या सीटवर, पाठ जरा मागे केली की गाढ झोपते. म्हणून रोज संध्याकाळी तासभर फिरवून आणतो. कुठे जायचं नसतं, नुसतं फिरायचं. खड्डा आला की पंखा खडखडायचा आणि ती दचकून उठायची. एका दुपारी ती शेजारी गेली होती, तेव्हा मी कप्पा काढला.

मिस्त्री: आणि खडखड थांबली?

काका: थांबली. परत आली नाही.

मिस्त्री: हे आधी सांगितलं असतंत तर मी तोंड जरा आवरतं घेतलं असतं. बरं, आता सोडवायचं कसं ते सांगा गुरुजी. तेलाने नाही, आगीने नाही.

काका: पाण्याने.

मिस्त्री: साध्या पाण्याने?

काका: कढत पाणी आणि सुती फडकं. सरस म्हणजे जनावराच्या कातड्याहाडांचा काढा, आटवून वाळवलेला. कोरडी धग लागली की आणखी कडक होतो. ओली ऊब लागली की मऊ पडतो. तुम्ही ती बंदूक लावलीत तेव्हाच बोलायला हवं होतं मी.

मिस्त्री: हवं होतं.

काका: लाज वाटली.

मिस्त्री: पाणी आणि वीज म्हणजे सवती. पण बॅटरीची तार काढून ठेवलीय, आणि ही मोटर तशीही भंगारातच जाणार. चालेल. चहाची किटली आहे, तीच लावतो. किती वेळ धरायचं फडकं?

काका: गार होईपर्यंत. मग दुसरं. असं अर्धा-पाऊण तास. घाई केली तर कापडाच्या चिंध्या होतील आणि सरस तिथेच राहील. आणि तो दोरा.

मिस्त्री: कुठला दोरा?

काका: तुम्ही कापलात तो. कचरा नव्हता. कापडाखालून, सांध्यावरून गोल फिरवला होता, आणि टोक मुद्दाम बाहेर सोडलं होतं. कापड ओलं झालं की तो ओढायचा. कापड कडेकडेने उकलत येतं, आतल्या वस्तूला ओरखडा पडत नाही. आमच्या मास्तरांनी शिकवलेलं. म्हणायचे, आपण बांधलेलं आज ना उद्या कुणीतरी उघडणार आहे. त्याला शिव्या द्यायला लावू नका, टोक सोडून ठेवा.

मिस्त्री: आणि ते टोक मी कापलं. वर शिव्याही दिल्या.

काका: तुम्हाला काय माहीत?

मिस्त्री: नाही, नाही. फिट्टंफाट झाली. तुम्ही मोटरीला कापड लावलंत, मी कापडाचा दोरा कापला. आता कुणी कुणाला काही बोलायचं नाही.

काका: मुळाशी थोडा उरला असेल. कुठून कापलात, आठवतंय?

मिस्त्री: पार मागे, इंजिनाच्या बाजूच्या पत्र्याजवळ. हात जेमतेम पोचतो तिथे. डोळे पोचत नाहीत.

काका: मग फडकी मी धरतो. सरस मऊ पडला की मला बोटाला कळेल. तुम्ही पाणी द्या.

मिस्त्री: तुम्ही आत झोपणार? या वयात?

काका: पाठ अजून ऐकते माझं. खाली घालायला काही आहे का?

मिस्त्री: हे पोतं घ्या. डोकं सांभाळा, दाराचा कोपरा लागेल. पाय राहू द्या बाहेर. वा. तीस वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाईक डॅशबोर्डखाली आणि मिस्त्री किटलीजवळ.

काका: हे पहिलं फडकं चांगलं पिळलं नाहीत. थेंब गळतोय.

मिस्त्री: चुकलं मालक.

काका: आता बरं आहे. माझा फोन वाजतोय का? खिशात आहे, वरच्या. हात ओले आहेत माझे.

मिस्त्री: मी काढतो. नाव नाही, नुसतं 'घर' लिहिलंय.

काका: तीच. स्पीकरवर ठेवा.

काकू: अहो, कुठे आहात?

काका: जरा बाहेर आलोय. चारला पोचतो.

काकू: आवाज असा का येतोय? आडवे पडून बोलल्यासारखा.

काका: रेंज नाही इथे.

काकू: बरं. कागद झाले सगळे. मोठे डॉक्टर येऊन सही करतील की सुटले. शेजारच्या खाटेवरची विचारत होती, तुम्हाला न्यायला कोण येणार. म्हटलं, हे येतील, आमच्या गाडीतून.

काका: येतो.

काकू: पंखा झाला नाही तर तसं सांगा. मी आणखी एक दिवस राहीन. माझं काही अडलेलं नाही इथे.

काका: पंख्याचं तुला कुणी सांगितलं?

काकू: त्या दिवशी मी गाडीतच होते ना. जेवलात का?

काका: जेवलो.

काकू: खोटं. ठेवते आता, जास्त बोललं की दम लागतो.

मिस्त्री: ठेवला त्यांनी. काका, जेवला नाहीत?

काका: फडकं गार झालं. दुसरं द्या.

मिस्त्री: हे घ्या. त्या दिवशी म्हणजे कधी?

काका: तिला दवाखान्यात आणलं तो दिवस. सकाळपासून धाप होती. अर्ध्या वाटेत पंखा थांबला. भर दुपार, काचा बंद, आत जीव उकडून निघत होता. मी काच खाली केली. पुढे रस्ता खणलेला. धुळीचा लोट सरळ आत आला. तिला असा ठसका लागला की ओठ निळे पडले. मी नुसता रस्त्याकडे बघत गाडी हाकत राहिलो. तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

मिस्त्री: पोचलात ना वेळेवर?

काका: पोचलो. पण त्यानंतर रोज रात्री डोळा मिटला की तेच. पंखा का थांबला? कापडामुळे. मोटरीला मी कोंडून मारलं. तिच्या झोपेसाठी केलं, आणि तिच्याच जिवावर आलं.

मिस्त्री: हे कुणाशी बोललात?

काका: आत्ता तुमच्याशी.

मिस्त्री: मोटर बाहेर येऊ द्या. ती स्वतः सांगेल कशाने मेली. मी अंदाजाने बोलत नाही.

काका: काही निघालं तर लपवू नका. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका.

मिस्त्री: नाही लपवणार. शब्द दिला.

काका: त्या फळीवर वही कसली आहे? रबर लावलेली.

मिस्त्री: झोपल्याझोपल्या तुम्हाला ती कुठून दिसली?

काका: सुटी पानं मला लांबून दिसतात.

मिस्त्री: उस्तादांची आहे. आयुष्यभर लिहीत होते. कुठल्या गाडीचा कुठला स्क्रू उलटा फिरतो, कुठली नळी कुठे तडकते, सगळं. बाजूला चित्रं काढून. गेले तेव्हा घरच्यांनी मला बोलावून दिली. उघडली की पानं गळतात, म्हणून आता उघडतच नाही. मला बरंचसं पाठ आहे. माझ्यामागे कुणाला आहे?

काका: तेल प्यायलीयत पानं. पण कागद जुना आहे, चांगला आहे. वाचेल.

मिस्त्री: ती मी कुणाच्या हातात देत नाही काका. घरीसुद्धा नेत नाही.

काका: बरोबर आहे. मीही दिली नसती.

मिस्त्री: हे सहावं फडकं. किटलीतलं पाणी संपत आलं.

काका: आता नको. पडलं मऊ. बोटाखाली सरकतंय. हात घाला तुमचा, मागून.

मिस्त्री: अंग चोरा थोडं. हां. चिकट झालंय सगळं. आणि हा वास कसला म्हणायचा?

काका: सरसाचा. सवय झाली की चांगला वाटतो.

मिस्त्री: सवय व्हायला बेचाळीस वर्षं लागत असतील. थांबा, काहीतरी लागलं केसासारखं. गेलं. हां, पुन्हा लागलं. बारीक गाठ आहे.

काका: गाठ मीच मारलीय, निसटू नये म्हणून. बोटाने ओढू नका, तुटेल. चिमटा आहे?

मिस्त्री: बारीक तोंडाची पकड आहे. घेतली. धरला दोरा.

काका: आता हळू. आपल्याकडे ओढायचा नाही, सांध्याच्या वळणावळणाने न्यायचा. अडकला की थांबा, मी पाणी लावतो.

मिस्त्री: येतोय. काका, कापड आपणहून उकलतंय.

काका: बोलू नका. हात हलतो.

मिस्त्री: हं.

काका: इथे कोरडं राहिलंय, थांबा. लावलं पाणी. आता चालवा. अर्धं झालं. पुढचं माझ्याकडे द्या, मी या बाजूने घेतो. आणि मोटरीखाली हात धरून ठेवा, एकदम सुटेल.

मिस्त्री: धरलाय. या आता, या बाई, लई भाव खाल्लात. आली. आली काका, अख्खी. पेटीच्या काठाला नखाएवढा ओरखडा नाही.

काका: वाजले किती?

मिस्त्री: दोनला दहा कमी. नवी बसवायला पंधरा मिनिटं. आरामात पोचाल, वाटेत दोन घास खाऊनसुद्धा.

काका: आधी ती जुनी उघडा.

मिस्त्री: नवी बसवतो, मग उघडू.

काका: नाही. आधी ती.

मिस्त्री: बरं. उठा, हात द्या. बसा स्टुलावर, पाणी प्या. आता बघा. मोटरीच्या पोटात हे दोन कोळसे असतात, कार्बन म्हणतो आम्ही. त्यांच्यामार्फत वीज पोचते आणि मोटर फिरते. नव्या मोटरीतले हे असे, बोटाच्या पेराएवढे. आता तुमच्यातले बघा.

काका: मला दिसत नाहीत.

मिस्त्री: नाहीतच, तर दिसणार कुठून? संपले. अठरा वर्षं घासून घासून, पोराची पेन्सिल संपते तसे. कापड असतं तरी संपले असते, नसतं तरी.

काका: तुम्ही शब्द दिला होता.

मिस्त्री: तोच पाळतोय. आणि एक सांगतो. तुम्ही कोंडून मारलं म्हणालात, तेव्हा मलाही तीच शंका आली होती. का, तर मोटरीच्या अंगावर हे भोक आहे ना, इथून तिला गार हवा मिळते. हे बुजलं असतं तर ती खरंच तापून जळाली असती, आणि मी तुम्हाला तसं तोंडावर सांगितलं असतं. तुमची पट्टी बरोबर या भोकावरून गेलीय. पण नेमकी तिथे कापडाला खिडकी आहे. चौकोनी, कडा आत दुमडलेल्या. कशासाठी कापलीत ती?

काका: कापली होती? हो. कापली होती खरी. भोक कशाचं ते मला माहीत नव्हतं. पण कुणीतरी ठेवलंय म्हणजे काही कारणाने ठेवलं असेल. आपल्याला कळत नाही म्हणून बुजवून टाकायचं नाही.

मिस्त्री: मग झालं तर. मोटर म्हातारपणाने गेली काका. तुम्ही नाही मारलीत. ती ढिली होऊन हलत होती, तिला तुम्ही उलट घट्ट धरून ठेवलीत. हे फडकं घ्या, कोरडं आहे. तेलाचे हात डोळ्यांना लावू नका, आग होईल.

काका: नऊ रात्री झोपलो नाही मी. आज झोपेन. तुमचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत, आणि बघा, आयुष्य सगळं शब्दांच्या गठ्ठ्यात गेलं.

मिस्त्री: आभार राहू द्या. मी दीड तास तेल आणि आग घेऊन बसलो होतो, तुम्ही एका फडक्यात धडा दिलात. आणि ही घ्या.

काका: वही? तुम्ही तर म्हणालात देत नाही.

मिस्त्री: ज्याला कळत नसलेलं भोकही बुजवायचं नाही हे कळतं, त्याला द्यायची नाही तर कुणाला? किती दिवस लागतील?

काका: महिना. तेल निघायलाच वेळ जाईल. मध्ये आठवण आली तर घरी येऊन बघून जा.

मिस्त्री: येईन. रोज येईन, तुम्ही कंटाळाल. आणि एक टोक सोडून ठेवा. पुढे कुणाला उघडावी लागली तर.

काका: सोडतो.

मिस्त्री: आता हला, नवी चढवतो. आणि तो ओढलेला दोरा फेकू नका, इकडे द्या.

काका: हा? ओला चिकट दोरा? कशाला हवाय?

मिस्त्री: आहे काम.

(साडेपाच वाजलेत. गाडी घरच्या वाटेवर, काचा बंद. काकू शेजारच्या सीटवर, मांडीवर रबर लावलेली वही.)

काकू: पंखा चालू आहे ना?

काका: हात धर समोर.

काकू: आहे की. गार येतंय. आवाज मात्र अजिबात नाही.

काका: नवी मोटर आहे.

काकू: मग कापड काढलंत?

काका: कुठलं कापड?

काकू: अहो, चार वर्षं या गाडीत सरसाचा वास येतोय. लग्न झाल्यापासून तुमच्या शर्टाला तोच वास. मला कळणार नाही? जगातला तेवढा एकच वास मला सोसतो.

काका: तू कधी बोलली नाहीस.

काकू: तुम्ही कुठे बोललात? खडखड कशी थांबली विचारलं, तर म्हणालात, आपोआप. म्हटलं, बरं, आपोआप तर आपोआप. शेजारच्या खाटेवरचीला मात्र रोज सांगत होते, आमच्या ह्यांनी माझ्या झोपेसाठी गाडीला पुस्तकासारखं बांधलंय. ती हसायची.

काका: त्या दिवशी मी काच खाली केली नसती तर एवढं झालं नसतं.

काकू: काच? काच मी उघडायला सांगितली.

काका: तू?

काकू: तुम्ही घामाने निथळत होतात. स्टिअरिंगवरून हात घसरत होता. मी म्हटलं, काच उघडा, नाहीतर दोघंही वाटेतच राहू. दोनदा म्हटलं. आठवत नाही?

काका: मला नुसती तुझी धाप ऐकू येत होती.

काकू: मग आता ऐका. मी सांगितली, तुम्ही उघडली, आणि वेळेवर पोचवलंत मला. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास झाला असता तर कठीण होतं. एवढं पुरे. जास्त बोलायला लावू नका मला.

काका: नाही लावत.

काकू: ही वही बांधायला घेतलीत? हात दुखतात म्हणून सोडलं होतंत ना?

काका: आज दुखले नाहीत.

काकू: बरं झालं. घरात जरा वास येईल. मी पाठ मागे घेते. आणि हा दोरा कसला लोंबतोय इथे, कप्प्याखाली? कापून टाकू?

काका: नको, नको. असू दे. मिस्त्रींनी मोटरीच्या तारेभोवती बांधून टोक बाहेर सोडलंय. पुढच्या माणसासाठी.

काकू: मग असू दे. पुढचा माणूस यायला अजून वेळ आहे. तुम्ही आपले सावकाश चालवा, मी झोपते.